टाके निघाल्यानंतर

गुडघेबदल शस्त्रक्रियेत झिजलेल्या सांध्याचे पृष्ठभाग कापून मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमचे आवरण, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिइथिलीन या टणक प्लास्टिकची चकती बसवली जाते. हे काम दीड-दोन तासांत आटोपत असले, तरी त्याचा निकाल पुढच्या तीन महिन्यांत लागतो. कारण या काळातला बिघाड वेळीच हाती लागला तर लहानशा उपायाने निभावते आणि दिवस उलटले की त्याचसाठी सांधा पुन्हा उघडावा लागतो.

ताठरपणाचेच पाहावे. दुखते म्हणून घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी देतात, रुग्णाला बरे वाटते, पण सांधा तसाच अर्धवट वाकलेला आखडतो आणि पाय पुरता सरळ होईनासा होतो. म्हणून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायला फिजिओथेरपिस्ट सुरुवातीपासूनच शिकवतो. सहा आठवड्यांनी कोनमापकाने पाहता गुडघा ९० अंशही वाकत नसेल, तर भूल देऊन तो हलकेच वाकवता येतो. मात्र हा उपाय साधारण पहिल्या बारा आठवड्यांतच फळतो, कारण पुढे आतले व्रण चिवट होतात आणि जोर केल्यास हाड मोडण्याची धास्ती असते.

जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांनाच होतो, तथापि तो सर्वांत बिकट. जंतू धातूवर चिकट थर धरतात आणि त्यात औषध नीट शिरत नाही. हा थर पक्का होण्याआधी सांधा धुऊन व चकती बदलून रोपण वाचवता येते, अन्यथा ते काढून प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावा लागतो आणि संसर्ग निवळल्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवे रोपण करावे लागते. जखम पाझरताच परस्पर प्रतिजैविक गोळ्या सुरू केल्या, तर नंतर सुईने काढलेल्या पाण्यात जंतू उगवत नाहीत आणि निदान लांबते.

नाशिकहून सुरगाणा किंवा पेठला परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा विलंब अंतरामुळे वाढतो, तर निफाड-दिंडोरीत फेरतपासणी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत आली की ती मागे पडते. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये रोपणांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. फेरतपासणीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी मात्र त्या हिशेबात येत नाही. म्हणून ताप, जखमेचा पाझर आणि शिरेतील रक्ताच्या गुठळीची खूण असलेली पोटरीची एकाएकी आलेली सूज ही लक्षणे घरातल्या जबाबदार माणसाला समजावणे आणि तपासणीच्या तारखा शेतीचा हंगाम विचारून ठरवणे, हेही शल्यविशारदाचेच काम मानले पाहिजे.