स्वखर्चाने छापलेलं वऱ्हाड

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्तीतल्या छापखान्यांत लग्नपत्रिका, बिलबुकं आणि सोसायट्यांचे अहवाल यांतून सवड मिळाली की मग कवितेचं पुस्तक मशीनवर चढायचं. देवनागरीचे खिळे बेताचेच असत. सोळा पानांचा फर्मा जुळवायचा, प्रूफ तपासायचं, छापायचं. मग तो मोडून तेच खिळे खणाखणांत परत टाकायचे आणि पुढच्या सोळा पानांना हात घालायचा. फर्मा मोडल्यावर सापडलेली चूक कायमची. तिची सोय शेवटच्या शुद्धिपत्रात. मला ती शुद्धिपत्रं अजून आवडतात. छापून झाल्यावरही कुणीतरी पुस्तक पुन्हा नीट वाचलं होतं, हे त्यांतून कळतं.

आज ज्याला सेल्फ-पब्लिशिंग म्हणतात, ते वऱ्हाडाला नवं नाही. विदर्भ साहित्य संघ 1923 साली अमरावतीतच स्थापन झाला. अकोल्यात 1912 मध्ये साहित्य संमेलन भरलं, आणि 1981 मध्ये पुन्हा भरलं तेव्हा अध्यक्ष होते परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर. पण मोठे प्रकाशक पुण्या-मुंबईला. हस्तलिखित रजिस्टर पोस्टाने तिकडे जायचं आणि बहुतेक वेळा साभार परत यायचं. मग शाळामास्तर कवी पतपेढीचं कर्ज काढायचा, हजार प्रती छापायचा आणि पिशवी खांद्याला लावून एसटीने दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगावची वाचनालयं पालथी घालायचा. उरलेले गठ्ठे पलंगाखाली. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक 1960 पासून सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली, तिच्या शेजारपाजारच्या कितीतरी बाया मात्र त्या गठ्ठ्यांतच राहिल्या.

म्हणून डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली, तेव्हा मला फार आनंद झाला. आज दर्यापूरची मुलगी प्रतिलिपीवर रात्री कथा टाकते आणि सकाळी तिला अनोळखी वाचकाचा अभिप्राय येतो. चूक सापडली तर फाईल बदलायची. आयएसबीएनला आपल्याकडे पैसे पडत नाहीत. कर्ज नाही, गठ्ठे नाहीत. ही सुटका मास्तरांच्या पिढीला मिळायला हवी होती.

पण लेखक आणि वाचक यांच्यामधली माणसंही गेली. कंपोझिटर आपल्याच मुलखातला असला की ‘माह्या’ ‘माह्या’च राहायचं, त्याच्या घरीही तसंच बोलत. आता फोनचा कळफलक त्याचं मुकाट्याने ‘माझ्या’ करून टाकतो. प्रूफ वाचणारा, ‘मास्तर, हे कडवं काढा’ म्हणणारा प्रेसमालक, नवं पुस्तक बाजूला ठेवून देणारा ग्रंथपाल, यांची जागा कुठल्याही अ‍ॅपने घेतलेली नाही. पारंपरिक प्रकाशक टिकतील ते निवड आणि संपादन मन लावून करतील तरच, असं मला वाटतं. नुसतं छापून देण्यासाठी त्यांची गरज उरलेली नाही.

वाचनालयांचं दुखणं याहून मोठं आहे. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या ठिकाणी एक प्रत घेतली की ती पन्नास घरं फिरून येई. विकत घेतलेलं ई-पुस्तक सहसा घेणाऱ्याच्या खात्यातच अडकून पडतं. गावोगावच्या अनुदानित वाचनालयांना ई-पुस्तकं फिरवता येतील अशी सोय सरकारने करायला हवी.

आणि जतनाचं काय? रिद्धपूरशी जोडलेलं ‘लीळाचरित्र’ महानुभावांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकला करत सात शतकं जपलं. आपल्या फाईली एक फोन बिघडला की जातात. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. स्वखर्चाने निघालेले वऱ्हाडी कवितासंग्रह गोळा करून स्कॅन करण्याचं काम त्याने हाती घ्यावं. कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, तेव्हा आधी त्यांना गाठावं लागेल. कवींची मुलंच आता सत्तरीला आली आहेत. परवानगीची पत्रं याच वर्षी जायला हवीत.