दिवेलागणीच्या आत

आईला दिवेलागणीला घरात माणूस लागतं. दिवसभर शेजारच्या काकू येऊन बसतात, दोघी मिळून डाळ निवडतात, बोलत राहतात. पण ऊन उतरलं आणि मी फाटकाशी दिसले नाही, की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. निवृत्तीनंतर हंपी, कुमाऊं, आसाम असं पुष्कळ मनात होतं. ते तसंच राहिलं. गेल्या आषाढापासून या ज्येष्ठापर्यंत मी एका दोरीच्या मापाने फिरले: पहाटे निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. ही दोरी वर्धा जिल्ह्याच्या शिवेपर्यंत नेमकी पुरते.

परत आल्यावर आई एकच विचारते, "काय खाल्लं वं?" काय पाहिलं, असं तिने कधी विचारलं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मला ते लागलं. टेकडीवरून दिसलेलं रान, तळ्यावरचं धुकं, सगळं सांगायचं असायचं आणि ती भाजीवर अडून बसायची. मग मी डब्यात थोडं थोडं घेऊन येऊ लागले. एक घास तोंडात टाकून ती प्रश्न काढायची. विहिरीचं पाणी की नळाचं? चूल की गॅस? भाजी बाजारातली की बांधावरची? कोणी खुडली? त्या प्रश्नांना उत्तरं देता यावीत म्हणून मी चालताना नीट पाहायला लागले.

सुरुवात बोरपासून झाली. सेलूवरून हिंगणी, तिथून बोरधरण. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाची दारं बंद असतात, त्यामुळे धरणाच्या कडेकडेने जेवढं चालता येईल तेवढं चालले. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचं, देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत सर्वांत लहान म्हणून ओळखलं जातं. ताडोब्याचं नाव घेतलं की लोकांचे डोळे मोठे होतात, बोरचं घेतलं की "हो का, तिथेही वाघ आहे?" असं विचारतात. पण पेंच, मेळघाट आणि ताडोबा यांच्या मधोमध हे सागाचं रान उभं आहे, आणि एका जंगलातून दुसरीकडे निघालेल्या वाघाला वाटेत टेकायला जागा लागते. बोरचं मोल क्षेत्रफळावरून काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी जवळच्या एका गावात जेवले. ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्या पावसानंतर बांधावर, रस्त्याकडेला तरोटा उगवतो, त्याची कोवळी पानं तेवढी घ्यायची. भाजीला उग्र, रानवट वास असतो. लसूण आणि थोडी भिजवलेली डाळ घातली की तो वास पळत नाही, माणसाळतो. वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं की पूर्वी त्या नाल्यापलीकडे जाऊन भाजी खुडायच्या. आता नाल्याच्या अलीकडेच थांबतात, कारण पलीकडे पाऊलखुणा दिसल्या आहेत. वाघाला फाटक कळत नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती; भीती होती, आणि गुरांची काळजी होती. माझ्या ताटातल्या भाजीची शीव वाघाने आखून दिली होती. पर्यटक म्हणून आपण उघड्या जिप्सीत बसून त्या शिवेच्या आत जातो आणि दोन तासांनी बाहेर येतो. त्या बाईंचं आयुष्य शिवेवरच जातं. हिवाळ्यात मीही सफारी केली. सांबर दिसले, मोर दिसले, वाघ दिसला नाही. मला बोरची आठवण येते ती त्या नाल्याची.

आईने तरोटा चाखला आणि म्हणाली, "पानं जून झाली होती. चार दिवस आधी जायला पायजे होतं."

केळझरला दोनदा गेले. विदर्भातल्या अष्टगणपतींपैकी एक इथला. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, बकासुर इथेच मारला गेला, असं गावकरी सांगतात. गाडाभर अन्न खाणाऱ्या राक्षसाची कथा ज्या टेकडीला चिकटली आहे, तिथे बसून आम्ही मैत्रिणींनी गोरसपाक आणि चहावर भागवलं. वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक हा वर्षभर माझ्या पिशवीतला सोबती होता. कणीक, तूप, दूध, साखर एवढ्यावर उभा असलेला तो खुसखुशीत तुकडा उन्हातान्हात टिकतो आणि चढण चढून आल्यावर जिभेवर विरघळतो.

गिरडला मात्र मला पुरा एक दिवसही अपुरा पडला. मार्गशीर्षात गेले होते. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. चढताना हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली माणसं भेटतात, कोणी नवस फेडायला, कोणी पोराचं जावळ घेऊन. पायथ्यापासून वरपर्यंत नजर खाली ठेवून चालावं. तिथे गोल गोल, सुपारी-जायफळाएवढे दगड सापडतात. गोष्ट अशी सांगतात की, एका बंजारा व्यापाऱ्याने फकिराची थट्टा केली, आणि त्याचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला. भूगर्भाचा अभ्यास करणारे निराळं सांगतात. दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला, तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्यातून आलेली खनिजं हळूहळू साठत गेली. वरचा काळा खडक झिजला आणि आतल्या गोळ्या मोकळ्या झाल्या. मी एक गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. मला या दोन गोष्टींत भांडण दिसेना. दोन्हीत मऊ, वाहतं काहीतरी घट्ट झालं आहे. गोळी जिथून उचलली तिथेच ठेवली. प्रत्येकाने एक नेली तर टेकडीवर गोष्ट तेवढी उरेल.

टेकडीवर लोक चुली मांडून स्वयंपाक करतात. धुराचा आणि मसाल्याचा वास पायऱ्यांवर उतरत असतो. आम्ही मात्र खाली येऊन ओळखीच्यांच्या शेतात जेवलो. तूर भरात होती. बाईमाणसं बांधावर बसून हिरव्या शेंगा सोलत होती, आणि तेच सोले वांग्यात पडले. सोलेवांग्याची भाजी, जवसाची चटणी, कच्चा कांदा, ताजी भाकर. वर्षभरातलं सर्वांत चांगलं जेवण कोणतं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि त्याचं कारण रश्श्यातल्या हळदीत होतं. त्याच तालुक्यातली वायगावची हळद. २०१६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडे घराघरांत तिचं नाव त्याआधीपासून आहे. रंग गडद, वास तिखट, आणि चिमूटभर जास्त पडली तर भाजी कडवट होते. त्या घरच्या काकूंनी ती बोटांच्या टोकांनी, अगदी मोजून घातली. मी पुन्हा फाल्गुनात त्या बाजूला गेले तेव्हा वायगावच्या शिवारात हळद निघाली होती. कंद उकडण्याचा दमट, मातकट वास गावभर पसरला होता आणि खळ्यावर पिवळ्या राशी वाळत होत्या. जो लाव्हा थिजला त्याचीच झिजून काळी माती झाली, आणि तिच्यातून हा रंग वर येतो. गिरडच्या गोळीकडे आणि या राशीकडे पाहून मला एकच गोष्ट दोनदा वाचल्यासारखं झालं.

सेवाग्राम तर घरापासून आठ किलोमीटरवर. तिथे मी वर्षभरात किती वेळा गेले, मोजलं नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ला या गावी आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जात, म्हणून १९४०मध्ये ते सेवाग्राम झालं. आदि निवास पाचशे रुपयांच्या आत बांधावा, असा त्यांचा आग्रह होता. मातीच्या भिंती, बांबू, कौलं. उन्हाळ्यात बाहेर डोकं तापलेलं असताना बापू कुटीच्या ओसरीत बसलं की श्वास खाली उतरतो. त्यांनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ अजून आहेत. बकुळीची फुलं वेचून आईला आणली, ती तिने उशाशी ठेवली.

या जागेशी माझा एक जुना झगडा आहे. आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे. अन्न औषधासारखं, शरीराला हवं तेवढंच घ्यावं, चवीसाठी घेऊ नये. आणि मी तर वर्षभर चवीच्या मागे फिरते आहे. आश्रमाजवळ साधं जेवण मिळतं तिथे एका दुपारी जेवले: ज्वारीची भाकर, जवळजवळ बिनमसाल्याची भाजी, ताक. तिखटाशिवाय ज्वारी गोड लागते हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या ताटावर कळलं. तरीही ते व्रत मला पटत नाही. याच वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते. हातसडीचा तांदूळ, लाकडी घाणीचं तेल, गूळ यांवर तिथे वर्षानुवर्षं प्रयोग झाले. तांदळाच्या कोंड्यापर्यंत ज्यांची नजर पोचली, त्यांचं अन्नावर प्रेम नव्हतं असं मी मानायला तयार नाही. माझ्या मते चव म्हणजे ओळख आहे. कोणाच्या हाताची, कोणत्या मातीची. तिच्याशिवाय खाल्लेलं अन्न मला अनोळखी माणसाने कपाळावर ठेवलेल्या हातासारखं वाटतं.

आश्रमाच्या अंगणात उघड्या आकाशाखाली संध्याकाळची प्रार्थना होते. तिच्या आधी मी निघते.

वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा फक्त पवनारच्या पहाटा उरल्या. धाम नदीत पाणी कमी, काळे खडक उघडे. हे वाकाटकांचं प्रवरपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना राम-भरत भेटीचं जुनं शिल्प निघालं, ते तिथे पाहायला मिळतं. आणि याच काठावरून १९५१च्या मार्चमध्ये विनोबा हैदराबादकडे पायी निघाले. एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि त्यांची पदयात्रा तेरा वर्षांहून जास्त चालली. मी नदीकाठी अर्धा तास चालते आणि खडकावर बसून लसणाची चटणी-भाकर खाते. त्यांच्या चालण्यापुढे माझ्या चालण्याचं नाव काढू नये, पण पायाखालची वाट तीच आहे आणि मला ती प्रिय आहे.

चैत्रात, हनुमान जयंतीच्या सुमाराला, कारंजाकडे गेले होते. ते आईचं माहेरचं खोरं: संत्र्याच्या बागा, सातपुड्याच्या पायथ्याच्या उघड्या टेकड्या, आणि पांढऱ्या, चपळ गवळाऊ गायी. ही जात याच भागातली, हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं केंद्र आहे. एका मारुतीच्या पारापुढे रोडग्यांची पंगत होती. जाडसर दळलेल्या कणकेचे तेल लावून एकावर एक थर द्यायचे, गोळा वळायचा, आणि गोवऱ्यांच्या आरात पुरून ठेवायचा. राख झटकून फोडला की आतून पदर सुटतात. त्यावर वरण, शेजारी वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. दोन रोडगे फडक्यात गुंडाळून आणले.

घरी पोचले तेव्हा काकू निघायच्या बेतात होत्या. आईने रोडगा फोडला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गोवऱ्या ओल्या होत्या. धूर बसला आहे. माझी माय असा नव्हती करत."

ज्येष्ठ लागला, पाऊस अजून यायचा होता. एका संध्याकाळी तिने खुर्ची अंगणात टाकायला लावली. गोवऱ्या मी गावाबाहेरच्या गोठ्यातून आणल्या होत्या. एकेक हातात घेऊन तिने वाजवून पाहिली आणि तीन बाजूला काढल्या. आर कसा पसरायचा, गोळे कधी पुरायचे, हे खुर्चीतून काठीने दाखवत राहिली. दिवे लागले, तेव्हा आम्ही दोघी बाहेरच होतो. पहिला रोडगा तिने स्वतः काठीने ओढून काढला.

"गरम आहे, थांब," ती म्हणाली, आणि राख झटकायला पदराचं टोक पुढे केलं.