तीन गुण

मेजावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येऊन पडला की मला दुसरेच काहीतरी वाचण्याची अनिवार इच्छा होते. अशा वेळी इतर प्राध्यापकांना काव्य आठवत असेल. मला पाणबुड्या आठवतात. वाचकांनी हसू नये. ज्याचा समुद्राशी परिचय गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लाँचपुरता, आणि तोही जीव मुठीत धरून, अशा इंग्रजीच्या अध्यापकास अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीचे वेड का लागावे, हे कोडे आमच्या कुटुंबासही उलगडलेले नाही.

परंतु ही वस्तूच तशी अजब आहे. अमेरिकेची ‘व्हर्जिनिया’ ही हल्लेखोर पाणबुडी २००४ साली नौदलात दाखल झाली. लांबी ३७७ फूट, आत सुमारे १३० माणसे, आणि पोटात अशी अणुभट्टी की तिला ३३ वर्षे नवे इंधन घालावयास नको. पिण्याचे पाणी आणि श्वासाचा प्राणवायू ती समुद्रातूनच मिळविते. शिधा संपत आला म्हणजेच तिला बंदराची आठवण व्हावयाची. या जातीच्या पाणबुडीचे निरनिराळे भाग ग्रोटन व न्यूपोर्ट न्यूज येथील दोन गोद्यांत घडतात, आणि मग ती प्रचंड नळकांडी वेल्डिंगने एकमेकांस जोडतात. ८०० फूट खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस इंचास सुमारे ३५० पौंड असतो. तेव्हा अणुभट्टीची कीर्ती कितीही मोठी असो, आतल्या माणसांचे प्राण अखेर जोडांवर आणि पोलादाच्या कसावर अवलंबून असतात.

हा धडा ‘थ्रेशर’ने शिकविला. १० एप्रिल १९६३ रोजी ही अणुपाणबुडी खोल पाण्यातील चाचणीसाठी उतरली, ती १२९ माणसांसह अटलांटिकच्या तळाशी गेली. चौकशीअंती तर्क निघाला तो असा की, इंजिनाच्या दालनात खाऱ्या पाण्याच्या नळाचा जोड सुटला असावा, उडालेल्या पाण्याने विद्युतयंत्रणा बिघडली असावी आणि त्यामुळे अणुभट्टी बंद पडली असावी. चांदीचा डाक देऊन केलेले असे सुमारे ३,००० जोड तिच्यात होते. ती गोदीत असताना त्यांपैकी १४५ जोड ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासले, तेव्हा शेकडा १४ हलक्या प्रतीचे आढळले. उरलेले न तपासताच ती समुद्रावर गेली.

त्याच वर्षी अमेरिकन नौदलाने ‘सबसेफ’ नावाची शिस्त स्वतःस लावून घेतली. दाब सोसणाऱ्या भागाचे पोलाद कोणते, त्याची कसोटी कशी उतरली, जोड कोणी दिला आणि तो कोणी तपासला, याचा लेखी पुरावा नसेल तर ‘ठीक आहे’ या शब्दांस किंमत नाही. १९६८ साली ९९ माणसांसह बुडालेल्या ‘स्कॉर्पियन’ला हे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. ज्यांना ते मिळाले, त्यांपैकी एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही.

आणि अशाच कागदावर एका बाईंनी खोटे लिहिले! टॅकोमा येथील एका फाउंड्रीत पाणबुड्यांचे ओतीव पोलादी भाग तयार होत. तेथील धातुतज्ज्ञ बाईंनी १९८५ ते २०१७ या काळात निदान २४० ओतकामांच्या कसोट्यांचे निकाल बदलले. नापास पोलाद पास केले. लाच घेतल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. शून्याखाली १०० अंश फॅरनहाइटला पोलाद पारखण्याचा नियमच त्यांना खुळचट वाटे. पुढे त्यांच्या जागी येऊ घातलेल्या तज्ज्ञास संशय आला, आणि २०२२ साली बाईंना अडीच वर्षांची शिक्षा झाली. एकही पाणबुडी फुटली नव्हती. मग बिघडले काय? इतकेच, की त्या सहीखालचे उत्तम पोलादही संशयित ठरले.

येथे मी पुस्तक मिटले, कारण मला एक जुनी संध्याकाळ आठवली. पंधरा वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्या दारी आला होता. उत्तीर्ण होण्यास तीन गुण कमी. मुलगा सालस, घरची ओढाताण. मी त्याची उत्तरपत्रिका पुन्हा उघडली आणि एका निबंधात मला तीन गुण ‘सापडले’. मीही लाच घेतली नव्हती. पोटापाण्यास लागणाऱ्या पोरास मिल्टन कशाला हवा, असे मी मनाशी म्हटले. गेल्या वर्षी तो रस्त्यात भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, तुमच्यामुळे आज हायस्कुलात इंग्रजी शिकवतो आहे.” तो कदाचित उत्तम शिकवीत असेल. पण ते ठरविण्याचे जे एक साधन माझ्या हाती होते, ते मीच बोथट केले. शिवाय त्याच वर्षी जी मुले स्वतःच्या बळावर काठावर उत्तीर्ण झाली, त्यांच्या गुणांखालीही माझीच सही आहे.

“अहो, झाले का तपासून?” चहाचा पेला ठेवीत आमच्या कुटुंबाने विचारले. मी पुढची उत्तरपत्रिका ओढली. या मुलाचे नाव मला ठाऊक नाही. त्याच्या घरी निकालाकडे कोण डोळे लावून बसले आहे, तेही ठाऊक नाही. बेरीज केली, तीन गुण कमी भरले. पुन्हा केली. तेवढेच कमी. आकडा होता तसा लिहिला, खाली सही केली, आणि मग चहाकडे वळलो. तो केव्हाच निवला होता.