नकाशातले गाव आणि गावातली माणसे

सेंत-मेर-एग्लीझ हे नाव माझ्या जिभेला आजही नीट पेलत नाही. बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलाला मात्र ते गाव आजोळापेक्षा अधिक पाठ आहे. चर्चच्या चौकातून कोणती गल्ली कोठे निघते, कोणत्या भिंतीआड उभे राहिले असता हमरस्ता दिसतो, कोणत्या कुंपणातून पलीकडच्या शेतात उतरता येते, हे तो झोपेतही सांगेल. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातल्या या गावी आमच्या घरातील कोणीही कधी गेलेले नाही. ते गाव आमच्या घरी आले ते संगणकावरील एका खेळातून.

आपल्या व्यवसायासंबंधी काही लिहावे, अशी स्मरणिकेच्या संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा हाच विषय मनात आला. गेली बारा वर्षे मी पुण्यात संगणकीय खेळांसाठी त्रिमितीय देखावे रचण्याचे काम करतो. रस्ते, पूल, पडक्या भिंती, ओसाड गावे ही माझी रोजची सामग्री. त्यामुळे मुलाच्या पडद्यावरील ते गाव मी बापाच्या नजरेने पाहिले, तसे कारागिराच्या नजरेनेही पाहिले.

‘हेल लेट लूज’ हा तो खेळ. २०२१ साली तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यात एका बाजूस ५० आणि दुसऱ्या बाजूस ५० असे शंभर खेळाडू जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून एकाच वेळी एका रणभूमीवर उतरतात. दुसऱ्या महायुद्धात टेहळणीसाठी विमानातून काढलेली छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे यांच्या आधारे या रणभूमी रचल्या आहेत. रणभूमीचे विभाग पाडलेले असतात. ते एकामागून एक ताब्यात घ्यावयाचे. मारला गेलेला खेळाडू थोड्याच वेळात पुन्हा जिवंत होऊन लढावयास येतो.

अशी रचना सोपी नव्हे. आरंभी सारे गाव राखाडी ठोकळ्यांचे असते. त्या ठोकळ्यांतून माणसे खेळवून पाहावयाची, एखाद्या खिडकीतून साराच चौक टिपता येत असेल तर तेथे झाड किंवा भिंत आणावयाची, दोन्ही बाजूंना संधी सारखी मिळते की नाही हे तपासावयाचे. त्यानंतरच दगड, कौले, गवत आणि ऊन-सावली चढते. एका कामात मी एका घरापुढे दोरीवर वाळत घातलेले कपडे दाखविले होते. ते काढावे लागले. कापड वाऱ्याने हलले की शत्रू हलल्याचा भास होतो आणि खेळाडू चिडतात. कारण अगदी रास्त होते. पण कपडे गेले तशी पुढे घागर गेली, पाळणा गेला, आणि शेवटी जे उरले त्याला गाव म्हणावे की आडोशांची मांडणी, असा प्रश्न मला पडला.

हाच प्रश्न घेऊन मी सेंत-मेर-एग्लीझची माहिती वाचू लागलो. शेर्बुर आणि कारेंतां यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती रस्ता. म्हणून जून १९४४ मध्ये दोस्त सैन्याला ते हवे होते. ५ जूनच्या रात्री चौकालगतच्या एका घराला आग लागली. चर्चची घंटा वाजू लागली. जर्मन पहारेकऱ्यांच्या देखत गावकऱ्यांनी रांग धरली आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. नेमक्या त्याच वेळी आकाशातून अमेरिकी छत्रीधारी सैनिक उतरू लागले. आगीच्या उजेडात ते स्पष्ट दिसत होते. कित्येकजण जमिनीला पाय लागण्यापूर्वीच मारले गेले. जॉन स्टील नावाच्या सैनिकाची छत्री चर्चच्या मनोऱ्याला अडकली आणि तो मेल्याचे सोंग करून तेथेच लोंबकळत राहिला. पहाटे गाव अमेरिकी सैन्याच्या हाती आले. आज त्या मनोऱ्यावर स्टीलची प्रतिमा टांगलेली असते आणि जळालेल्या घराच्या जागी वस्तुसंग्रहालय उभे आहे.

स्टीलला जग ओळखते. बादल्यांची रांग धरणाऱ्यांना फारसे कोणी ओळखत नाही, आणि खेळातील त्या गावात तर एकही गावकरी नाही. भिंती मोजून-मापून उभ्या आहेत. घरातून बाहेर डोकावणारे माणूस मात्र नाही.

त्या गावचे महापौर अलेक्झांड्र रनो यांच्या पत्नी सिमोन रनो यांची हकिकत मला याच वाचनात भेटली. लढाईनंतर गावालगतच्या शेतांत हजारो अमेरिकी सैनिकांच्या तात्पुरत्या कबरी झाल्या. सिमोनबाई तेथे फुले वाहत असत. त्यांचे एक छायाचित्र ऑगस्ट १९४४ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात आले आणि अमेरिकेतून आयांची, पत्नींची पत्रे येऊ लागली. माझ्या मुलाची कबर सापडेल काय, तिच्यावर एक फूल ठेवाल काय, अशा विनवण्या त्यांत असत. बाई कबर शोधीत, फुले ठेवीत, तिचे छायाचित्र काढून उत्तरासोबत धाडीत. १९४८ साली त्या कबरी तेथून हलविण्यात आल्या, पण पत्रे थांबली नाहीत. अनेक कुटुंबांशी त्यांनी आयुष्यभर संबंध राखला. एकेका क्रुसावरील नाव वाचीत हिंडणारी ती बाई आणि मेलेला खेळाडू क्षणात परत आणणारा तो खेळ, दोघांच्या पायांखाली भूमी एकच आहे.

गाव पाहिले की तेथील माणसांविषयी विचारावे, ही सवय मला संगणकाच्या वर्गात लागलेली नाही. ती आपल्या शाळेत लागली. सहावीत असताना भूगोलाच्या सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावाचा नकाशा काढावयास सांगितले. आम्ही चावडी काढली, मारुतीचे देऊळ काढले, पाटलाचा वाडा, पार, ओढा, सारे काढले. सर बाकांमधून हिंडत एकच प्रश्न विचारीत होते, “तुझे घर कोठे आहे, बाळ?” बहुतेकांची घरे कागदावर नव्हतीच. नकाशा वेशीपाशी संपत होता आणि आमच्या वस्त्या वेशीबाहेर होत्या. सर रागावले नाहीत. त्यांनी डिंकाची बाटली आणली, प्रत्येकाच्या कागदाला दुसरा कागद जोडला आणि म्हणाले, “आता घरे काढा. आणि दर घरापुढे नाव लिहा.”

नावाचे मोल आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठच्या कोरेगावात झालेली लढाईही घराघरांतून, गल्लीबोळांतून झाली होती. तेथील स्तंभावर ४९ मृतांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार नावांतील प्रत्यय आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि आज लाखो पावले तेथे वळतात. ती नावे दगडावर नसती, तर त्या माणसांचे काय उरले असते?

पालक मला विचारतात, “पंचशीलाचे पहिले शील हिंसेपासून दूर राहण्याचे, मग आमचा मुलगा पडद्यावर दिवसभर माणसे मारतो, त्याचे काय?” माझे म्हणणे असे, की पडद्यावरची गोळी कोणास लागत नाही हे मुलांना ठाऊक असते. झोप आणि अभ्यास यांच्या वेळा सांभाळाव्यात, हे आलेच. पण एखादे खरे गाव, जेथे खरी माणसे होरपळली, ते मुलाच्या मनात केवळ लपण्याच्या जागांची यादी बनून राहिले, तर तो तोटा मला अधिक मोठा वाटतो. दुःख कोणाचे होते हे न विचारता त्या भूमीवरून धावण्याची सवय पुढे पडद्यापुरती राहत नाही. म्हणून खेळ हिसकावून घेण्यापूर्वी मुलाजवळ बसावे आणि विचारावे, “येथे कोण राहत होते?”

मी मुलाला सिमोनबाईंची हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, आग लागलेले घर चौकाच्या कोणत्या बाजूला होते?” आम्ही दोघांनी जुनी छायाचित्रे काढून ते शोधले. त्यानंतर तो खेळला, नेहमीप्रमाणेच खेळला. मात्र दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या चमूतील एका परदेशी मुलाला बादल्यांच्या त्या रांगेविषयी सांगितल्याचे मला कळले.

येत्या दिवाळीच्या सुटीनंतर आठ दिवस शाळेत मुक्काम करण्याची परवानगी मी मागितली आहे. संगणक कक्षातील मुलामुलींना त्रिमितीय रचनेचे पहिले धडे द्यावेत, असा विचार आहे. प्रत्येकाने आपले गाव उभे करावयाचे. वेशीच्या आतले आणि बाहेरचे, दोन्ही. घरापुढे दोरीवर कपडे वाळत राहतील. घागर जागेवर राहील. दाराशी उभे राहिले की त्या घरातील माणसांची नावे दिसतील. ज्या माजी विद्यार्थ्यांना या कामात हात लावावासा वाटतो, त्यांनी जरूर यावे. येताना आपल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांकडून जुन्या घरांची आणि माणसांची नावे लिहून आणावीत. ती सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.