एका ऐकण्यात कळलं पाहिजे

मैदानात बसलेल्या माणसाला गाणं मागे उलटून पुन्हा वाचता येत नाही. ओळ कानावर पडली, तिथल्या तिथे कळली आणि दुसऱ्या फेरीला त्याच्याच तोंडी आली, तर गाणं झालं म्हणायचं. मध्य प्रदेशातल्या बालाघाट, कटंगी, लांजीकडे गिटार आणि ढोलकीवर स्वतःची गाणी म्हणताना मी हीच कसोटी धरतो. ती मला लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतून मिळाली.

वामनदादांचा जन्म १९२२चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. विशीपर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईत कष्टाची कामं करताना ते बाराखडी शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, आणि २००४मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी रचली. ‘वाटचाल’ हा संग्रह मात्र १९७३चा. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं ही गाणी मुख्यतः गळ्यांवरच जगली. दादा ती इतरांना देऊन टाकत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांनी ती गायली. कुणीही गावं, शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ येणारच. संतांच्या अभंगातली ही नाममुद्रा दादांनी चाळीत आणि वस्तीत आणली, याचं मला फार मोल वाटतं.

आमच्या बालाघाट जिल्ह्यात ही गाणी राज्याची सीमा ओलांडून टिकली, त्यालाही इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. इथे कचेरीची भाषा हिंदी. बाबासाहेबांच्या जयंतीला, चौदा एप्रिलच्या रात्री मात्र वैनगंगेकाठच्या वस्त्यांत मराठी भीमगीतं गायली जातात, आणि ती ऐकत वाढलेल्या पोराला राज्याची सीमा कुठे लागते ते गाण्यातून कळत नाही.

वाद्यांवरून मात्र दुसरीकडे भांडणं झाली आहेत. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. फोक-रॉकच्या इतिहासात तो प्रसंग सारखा सांगतात. आमच्याकडे विजेवरून कुणी भांडत नाही. भीमगीतांच्या मंचावर बेंजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि भरपूर एको कधीच येऊन बसले आहेत. आमचा प्रश्न एवढाच, की या सगळ्यातून शब्द मागच्या रांगेपर्यंत जातो का?

गिटार इथे फार मदत करते, पण हात आवरावा लागतो. शाहिरी गळा उंच लागतो. माइक नसतानाच्या काळापासूनची ती सवय आहे. कॅपोचा चिमटा गिटारच्या तिसऱ्या पट्टीवर लावून ‘सी’च्या आकारात वाजवलं की काळी दोनचा सूर मिळतो, माझा गळा तिथे मोकळा होतो. पूर्ण कॉर्ड मी क्वचितच धरतो. कॉर्डमधला गंधार आधीच शुद्ध की कोमल ते ठरवून टाकतो आणि चालीतल्या गंधाराशी भांडतो. गंधार गाळला की उरतात षड्ज आणि पंचम. रॉकवाले त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि आमच्या भजनातला तंबोराही तेच दोन स्वर धरून असतो. हे पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा वाटलं, आता कुठलंच वाद्य परकं नाही.

शब्दांचंही तसंच. जलद केहरव्यात जोडाक्षर सुटत नाही, म्हणून ते ठेक्यावर येईल तिथे मी साधा शब्द शोधतो. मुखड्याची शेवटची मात्रा मी ‘आ’ किंवा ‘ओ’वर आणतो, म्हणजे कोरसला तोंड उघडून ओळ धरता येते. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधली जागा ढोलकीच्या लग्गीची; तिथे गिटार गप्प. त्या चार मात्रांत लोक ओळ मनाशी म्हणून घेतात.

सध्या आमच्याच जिल्ह्यातल्या भरवेलीच्या मँगनीज खाणीवरचं गाणं हातात आहे. मुखडा बसलाय, तिसरा अंतरा लांबतोय. ढोलकीवाला म्हणतो, त्यातल्या दोन ओळी काढा आणि ती जागा कोरसला द्या. मला पटतंय. पुढच्या बैठकीत तसंच गाऊन बघणार आहोत.