जुन्या डिझेल गाडीची पारख

जुन्या डिझेल गाडीची खरी परीक्षा सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना होते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. दाब कमी पडत असेल, नोजल नीट फवारत नसेल किंवा हीटर प्लग निकामी झाला असेल, तर थंड इंजिनाला ते लपवता येत नाही. अर्ध्या तासापूर्वी फिरवून आणलेले इंजिन मात्र हे सगळे झाकून टाकते. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर कारण कितीही पटण्याजोगे असले, तरी पाहणी दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकावी.

आज बाजारात दिसणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांपैकी पुष्कळशा एकाच काळातल्या आहेत. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. मधल्या वर्षांत दोन्ही इंधनांच्या भावात मोठी तफावत पडली आणि ग्राहक डिझेलकडे वळला. फियाटच्या आराखड्याचे १२४८ सीसीचे इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसले. त्या पिढीतल्या सुरुवातीच्या गाड्यांची पंधरा वर्षे आता भरत आली आहेत.

या इंजिनात टायमिंगचा पट्टा नाही, साखळी आहे. साखळी कायमची टिकते, हा समज अर्धाच खरा. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदलले गेले नाही, की साखळी सैल पडते. सुरू करताक्षणी पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. साखळी दात सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच खोलावे लागते. डस्टरचे दीड लिटरचे आणि जुन्या इनोव्हाचे अडीच लिटरचे इंजिन पट्ट्यावर चालते. तिथे पट्टा बदलल्याची पावती मागावी. ती नसेल, तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून किंमत बोलावी.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. थंडीत क्षणभर येणारा पांढुरका धूर चालतो. तो रेंगाळला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असला, तर नोजल, हीटर प्लग किंवा दाब यांच्याकडे संशय जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा लोट उठला, तर हवा कमी किंवा डिझेल जास्त जाते आहे. यामागे तुंबलेला एअर फिल्टर असू शकतो, फाटलेला इंटरकूलर पाइप असू शकतो किंवा दमलेला टर्बो. तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणून नुसता धूर पाहून निकाल देऊ नये.

इंजिन गरम झाल्यावर ते चालू ठेवून ऑइलचे झाकण जपून सैल करावे. तिथून थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण झाकण उडू लागले आणि धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडू लागला, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे. पिस्टन रिंगा किंवा बोअर झिजल्याचे हे लक्षण. अशी गाडी सोडून द्यावी. डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनात नवे ऑइलही लवकर काळे होते. मात्र पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरते आहे. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. ही टाकी इंजिन गार असतानाच उघडावी.

यानंतर चढावर चालवून पाहणे आवश्यक आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला बोपदेव किंवा कात्रजचा घाट त्यासाठी जवळच आहे. चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून सावकाश ॲक्सिलरेटर दाबत न्यावा. दोन हजारांच्या आसपास टर्बोची ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. काही गाड्यांत दुहेरी वजनाचा फ्लायव्हील असतो. क्लच सोडताना तो खडखडत असेल, तर क्लचचा खर्च दुप्पट धरावा. सायरनसारखी शीळ टर्बोच्या बेअरिंगची तक्रार सांगते.

स्कॅनर लावून घ्यायला काही शे रुपये लागतात आणि ते वसूल होतात. एररचे कोड पुसून फार दिवस झालेले नाहीत, हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसते. कालच पुसलेले कोड हे पाहणीसाठी पुसलेले असतात.

मीटर मागे फिरवणे सोपे आहे, झीज मागे फिरवणे अवघड. पॅडलचे रबर, स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हरच्या सीटची कड मीटरशी ताडून पाहावी. सर्व काचांवरच्या वर्षाच्या खुणाही पाहाव्यात. एखादी काच बाकीच्यांहून नवी असेल, तर ती का बदलली हे विचारावे. कोकणच्या किनाऱ्यावरील गाडीचा पत्रा खालून तपासावा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन दूरच्या बाजारात विकल्या जाऊ शकतात. गालिच्याखालची माती, सीटच्या रुळांचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा चिखलाचा डाग खरे काय ते सांगतात.

राहिली कागदपत्रे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिथल्या गाड्या स्वस्त वाटतात. परंतु एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी जमेस धरली, की तो फायदा बराच आटतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि चॅसिस नंबर व इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडल्याखेरीज इसाराची रक्कमही हाताबाहेर जाऊ देऊ नये.