साडेसत्तावीस मिलिमीटर

कुरिअरच्या खोक्यातून एक रिकामं कडं निघालं. काळं, धातूचं, लहान मुलीच्या बांगडीएवढं. आत काच नाही, तार नाही, बोट घातलं तर आरपार जात होतं. शेजारची पोरं गोळा झाली होती. त्यातल्या एकानं ते डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुर्जी, यातून तं साधंच दिसते."

त्याचं खरं होतं. त्या कड्यानं काही दाखवायचं नव्हतंच. एका बाजूला माझा कॅमेरा, दुसऱ्या बाजूला मामाची लेन्स, आणि मधलं अंतर धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

मामाचा कारंजाला फोटो स्टुडिओ होता. मागे धबधब्याचं चित्र काढलेला पडदा, एक वेताची खुर्ची, दोन छत्र्या आणि पेंटॅक्स के १०००. हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. त्यात बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला; बाकी सगळं स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं. मामा लग्नाला तीन रोल घेऊन जायचा. छत्तीस त्रिक एकशे आठ फोटो. त्यातले शेवटचे दोन तो पोरीच्या पाठवणीसाठी राखून ठेवायचा, कोणी कितीही गळ घातली तरी. तो गेल्यावर कॅमेऱ्याचं शटर अडकलेलंच निघालं, पण पन्नास मिलिमीटरची लेन्स मात्र स्वच्छ होती. मामीनं ती जुन्या रुमालात गुंडाळून मला दिली.

मामाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असायचा. आलेलं दृश्य तो वर डोळ्याकडे वळवायचा आणि बटण दाबलं की क्षणभर बाजूला व्हायचा. त्या आरशाला हलायला जागा लागते, म्हणून लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर ठेवलेलं असे. २००८ साली पॅनासॉनिकनं जी १ आणला, पुढच्या वर्षी ऑलिंपसचा पेन ई-पी १ आला, २०१० मध्ये सोनीचे नेक्स आले. या सगळ्यांत आरसाच काढून टाकलेला. लेन्स बदलता येते, पण मधली खोली गेल्यामुळे अंग चपटं झालं. माझ्या कॅमेऱ्यात ते अंतर अठराच मिलिमीटर आहे. मामाची लेन्स त्यावर थेट ठेवली तर जवळचं-लांबचं काहीच नीट उमटणार नाही. तिला तिचं जुनं अंतर परत द्यावं लागतं. ४५.४६ वजा १८, म्हणजे साडेसत्तावीसला किंचित कमी. ते रिकामं कडं तेवढ्या जाडीचं आहे.

मी मालेगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. कॅमेरा बॅटरीसकट साडेतीनशे ग्रॅमच्याही आत भरतो, त्यामुळे तो डब्याच्या पिशवीतच राहतो. वाशिमहून रोज गाडीवर जाताना-येताना जे दिसतं ते मी टिपत आलो. हा घेण्याआधी एकदा मित्राचा मोठा कॅमेरा आठवडाभर वापरून पाहिला होता. तो बाहेर काढला की गाव बदलायचं. बाया पदर सारखा करायच्या, म्हातारे टोपी नीट करून उभे राहायचे, आणि हमखास प्रश्न यायचा, "कोन्या पेपरचे हा भाऊ?" मी त्याच गावचा मास्तर, माझ्या वर्गात त्यांची लेकरं, तरी तेवढ्यापुरता परका होऊन जायचो. लहान कॅमेऱ्याला कोणी काही विचारलं नाही. एक आजी म्हणाली, "खेळण्यातला हाय का?" आणि शेंगा निवडत राहिली.

कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात हीच गोष्ट मला काळविटांनी जास्त नीट समजावली. तिथं जाताना मी लांब पल्ल्याची लेन्स लावतो. गवतात कळप चरत असतो. आपण चालत राहिलो की एका ठिकाणी पहिली मान वर होते. आणखी दहा पावलं टाकली की सगळ्या माना वर. त्यापुढे एक पाऊल जास्त झालं की कळप उडतो, अक्षरशः उडतो, एकामागून एक उंच उड्या घेत. प्रत्येक जनावराचं असं एक अंतर ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारं जनावरच असतं. माणसाचंही असतं. फरक एवढाच, की माणूस पळत नाही. जागेवर उभं राहून आतल्या आत निघून जातो, आणि फोटोत त्याचा चेहरा तेवढा उरतो. मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणसं वीस फुटांवरूनच निघून जात होती.

मामाची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर पंच्याहत्तरसारखी वागते, कारण सेन्सर फिल्मपेक्षा लहान आहे. डोक्यापासून कमरेपर्यंतचा माणूस चौकटीत बसवायचा तर सहा-साडेसहा फुटांवर उभं राहावं लागतं. दोन बाजांवर समोरासमोर बसून बोलावं, तेवढ्यावर. तिला झूम नाही, आपोआप फोकस नाही. लेन्सवरचं कडं हातानं फिरवायचं. त्या अंतरावर मुकाट उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून बोलावंच लागतं. मामा फोटो काढण्याआधी गिऱ्हाइकाला त्याच्या गावच्या पावसापाण्याचं विचारायचा. मी लहानपणी ते धंद्याचं बोलणं समजत होतो.

अंतराच्या या खेळाचा एक जुना किस्सा मी वाचला होता. रॉबर्ट गिल हा फौजी चित्रकार १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत बसला होता. ज्या वाकाटक राजाच्या काळात त्या लेण्यांना बहर आला तो हरिषेण आमच्या वाशिमचा, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्मचा. त्याचा सचिव वराहदेव याचा लेख सोळाव्या लेण्यात आजही आहे. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पण त्याआधीच तो कॅमेऱ्याकडे वळला होता, आणि १८६४ साली त्याच्या शंभर जोडचित्रांचं पुस्तक लंडनला निघालं. जोडचित्र म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लेन्समधून घेतलेलं. दोन डोळ्यांत असतं तसं अंतर दोन लेन्समध्ये असलं, की पाहणाऱ्याला दगडाची खोली कळते. मला हे वाचून फार आनंद झाला होता. माझ्या कड्याचा कोणीतरी जुना नातलग भेटला असं वाटलं.

लेन्स बदलता येते म्हणून हा कॅमेरा घेतला खरा, पण वाशिम जिल्ह्यात ती केव्हा बदलायची हे सोयाबीन ठरवतं. सप्टेंबरच्या शेवटी सोंगणी सुरू होते. शेताशेतांत कापलेल्या पिकाच्या सुड्या लागतात, मग मळणीचा हडंबा येतो. त्याच्या तोंडातून कुटाराचा लोट निघाला की सूर्य पिवळा पडतो आणि दोन शेतं पलीकडेही नाक भरून येतं. आरसा नसलेल्या या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, समोर आडोसा कशाचा नाही. पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं. भर मळणीत, बांधावर उभा राहून, मी लांबची लेन्स काढली आणि मामाची लावली. दहा सेकंदांचं काम. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक आभाळात, उजवीकडे वरच्या कोपऱ्याजवळ, एक राखाडी डाग. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं की तो विरून जायचा, अकरा किंवा सोळावर लहान केलं की परत हजर. कॅमेरा चालू-बंद करताना सेन्सर स्वतःला झटकतो, त्यानं काही झालं नाही. रबरी फुग्यानं हवा मारली. तोंडानं फुंकायचं नसतं, थुंकीचे कण बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. हे तेवढं वाचलेलं असल्यामुळे वाचलो. डाग मात्र राहिला. सोयाबीनच्या कुटाराला बारीक लव असते, ती धरून बसते. शेवटी दिवाळीनंतर अकोल्याला नेऊन साफ करून आणला.

तेव्हापासून माझा नेम आहे. नवरात्र ते दिवाळी कॅमेऱ्यावर एकच लेन्स, मामाची, घरात दारं-खिडक्या लावून बसवलेली. त्या महिनाभरात जे सहा फुटांवरून दिसेल ते माझं. लांबचं काही दिसलं तर नुसतं पाहायचं. आधी चुटपुट लागायची. ढगांच्या आडून उतरलेली उन्हाची तिरीप, दूरच्या माळावर बैलगाडी, आणि लेन्स घरी. आता वाटतं, वर्षातले माझे बरे फोटो याच महिन्यातले आहेत.

हातानं फोकस करताना या कॅमेऱ्याची एक मदत होते. डोळा लावायच्या छोट्या पडद्यावर जे धारदार असेल त्याच्या कडेनं लाल रेघा चमकतात. कडं फिरवावं तशी ती लाली कानावरून गालावर, गालावरून पापणीवर सरकत येते. पापणीवर आली की बटण दाबायचं. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत मात्र हे सगळं कोलमडलं. बंजारा बायांच्या आरशांच्या ओढण्या, कवड्या, चांदी, आणि त्यावर एप्रिलचं ऊन. पडदा नुसता लालेलाल. त्यात लहान अंगाची बॅटरीही लहान, तीनशेच्या आसपास फोटो झाले की संपते. माझी दुपारी दोनलाच संपली. नगारा वाजत होता आणि मी रिकाम्या हातांनी त्या गर्दीत उभा होतो. त्या दुपारचं माझ्याजवळ काही नाही, पण डाव्या बाजूला उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातातल्या बलोयांचा आवाज आजही कानात आहे. आता दोन जादा बॅटऱ्या सोबत ठेवतो.

गावात मास्तरकडे कॅमेरा आहे हे कळल्यावर लोक यायला लागले ते एकाच कामासाठी. घरात कोणी गेलं की तेरवीला फोटो लागतो. भिंतीवर लावायला, हार घालायला. आणि बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा जन्मभरात एकच फोटो असतो, आधार कार्डावरचा. टपालाच्या तिकिटाएवढा, घाबरलेल्या डोळ्यांचा. स्टुडिओवाले तोच मोठा करतात, मागे निळं आभाळ लावतात, साडीला रंग भरतात. घरचे बघतात आणि म्हणतात, हो, तेच आहेत. आवाजात खात्री नसते.

मागच्या साली असाच एक जण आला. हातात आईचं आधार कार्ड. "गुर्जी, यातून काही होईन का?" मी कार्ड पाहिलं आणि चेहरा ओळखीचा वाटला. रात्री जुन्या फाइली उघडल्या. त्या पहिल्या वर्षीच्या मळणीतलं एक चित्र सापडलं. चार बाया सुडीच्या सावलीत जेवायला बसल्या आहेत, आणि कडेची एक भाकरीचा तुकडा हातात धरून मान मागे टाकून हसते आहे. तीच. सहा फुटांवरचा फोटो. तिच्याशी काय बोलत होतो ते मला आठवत नाही. सहा हजार गुणिले चार हजार ठिपक्यांचं चित्र होतं, तिच्यापुरतं कापलं तरी बारा बाय अठराची प्रत निघण्याजोगं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी ते संगणकावर मोठं करून ठेवलं होतं. तो खुर्चीत बसला नाही. उभ्यानंच बराच वेळ पाहत राहिला. दात दिसतात, हार घालायच्या फोटोत दात दिसलेले चालतात का, असं त्याच्या मनात येईल की काय, ही मला धाकधूक होती. तो काही बोलेना म्हणून मीच म्हणालो, आभाळात तो डाग आहे ना, तो तेवढा पुसून देतो, धुळीचा आहे.

त्यानं बोट पडद्याजवळ नेलं. टेकवलं नाही.

"मले वाटलं घार होय," तो म्हणाला. "माय जेवाले बसली का वर पाहे. राहू द्या."

मी माउसवरचा हात काढला.